दगडूला कुणी सांगितलं न्हाय

सोलापूरच्या डॉक्टरनं परवा माझ्या हातात स्टीलचा गुडघा दिला. चांगला जड, गुळगुळीत. म्हणाला, "बघा आजी, हा असा आत बसवायचा." आजी म्हणाला म्हणून आधीच माझं टाळकं सणकलं होतं. मी तो गुडघा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "आणि माणूस मेल्यावर ह्याचं काय होतं?" नर्सनं तोंड फिरवलं. माझी सून मला कोपरानं ढोसायला लागली. पुढं रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, लोक जिना चढता येईल का ते विचारतात. तुम्ही काय विचारताय!"

खरं तर असलं काही विचारायची माझी बुद्धी नव्हे. हा प्रश्न बिराजदार सरांचा. ते असते तर त्यांनी आधी गुडघ्याचा वास घेतला असता, मग नखानं वाजवून बघितला असता, आणि मग गंभीर तोंडानं म्हणाले असते, "पवार बाई, अभिनंदन. आता तुमी सव्वा आणा यंत्र झाला." सरांना जाऊन दोन पावसाळे झाले. तो गुडघा हातात धरला आणि त्यांची इतकी आठवण आली की डॉक्टरसमोरच डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरला वाटलं, म्हातारी ऑपरेशनला भ्याली.

काशिनाथ बिराजदार सर आणि मी मुरुमच्या एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायची, ते विज्ञान. उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात लिंग आणि वरच्या खिशात टेस्टर. खडू चष्म्याच्या घरात ठेवायचे आणि चष्मा कुठंही ठेवायचे, मग सगळी शाळा चष्मा हुडकायची. घरात कानडी बोलायचे, वर्गात मराठी आणि पोरांवर तापले की हैदराबादी. "क्या रे नवाब, कान घर में भूल के आया क्या?" असं म्हणून खडू फेकायचे, पण नेम कधी लागायचा नाही. पोरं मुद्दाम पुढचा बाक धरून बसायची.

त्यांचं एक माप होतं. म्हणायचे, सोळा आणे माणूस आता जगात राहिला न्हाय. समोरच्या माणसात किती आणे यंत्र आहे ते ते बघताक्षणी सांगायचे. हेडमास्तरांची कवळी म्हणजे दोन आणे. आमच्या क्लार्कच्या कानातलं मशीन दीड आणा. माझा चष्मा अर्धा आणा, "पण नंबर वाढतोय बाई, जपा." एकदा शाळा तपासायला साहेब आले होते, त्यांच्या डोक्यावर केसांचा टोप होता हे साऱ्या गावाला दिसत होतं. सर चहाचा कप धरून त्यांच्याकडं एकटक बघत राहिले. मी पायानं खुणावतेय, हेडमास्तर खोकतायत. शेवटी सरांनी मलाच कानात विचारलं, "टोप धरायचा का न्हाय हो? त्याला बॅटरी तर न्हाय." चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच पेच पडला होता.

हे खूळ आलं कुठून, तर एका ट्रंकेतून. तरुणपणी सर शिकायला हैदराबादला होते. तिथं रविवारी फूटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसतात, तिथनं त्यांनी विलायती मासिकांचे जुने अंक किलोच्या भावानं आणले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी. त्यात कुणाला लोखंडी हात बसवलेला, कुणाची छाती पितळेची, कुणाचं नुसतं डोकं काचेच्या बरणीत आणि खाली चाकं. कागद असे झालेले की पान उलटलं की मांडीवर भुगा पडायचा. सर ते सांभाळून वाचायचे आणि वाचता वाचता त्या मेलेल्या लेखकांशी भांडायचे.

"लेखक लई हुशार, बाई. पण एकालाबी घरचं काम ठाव न्हाय. हात लोखंडाचा दिला, झकास दिला. पण त्याला तेल कोण घालणार? आंघोळ कशी करायची? लिवलंच न्हाय!" आणि मग थोडं थांबून, "आन सगळे हात शिपायांना. न्हायतर खुन्यांना. भाकरी थापून थापून मनगट गेलेल्या बाईला कुणी हात बसवला का? एकानंबी न्हाय."

शेवटी त्यांनी स्वतःच बसवायला घेतला. मी मूळची ढोकीची. आमच्याकडं साखर कारखान्याच्या भोंग्यावर घर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. एकदा स्टाफरूममध्ये मी सहज बोलून गेले की ऊस पिळणाऱ्या चरकाच्या दात्यांना तेल घालत फिरणारा एक माणूस असतो, त्याला ऑइलमन म्हणतात. सरांनी टेबलावर हात मारला. "सापडला!" म्हणाले. पुढच्या शनिवारी आठवी अ च्या रिकाम्या तासाला दगडू ऑइलमन जन्माला आला.

दगडूचा पहिल्या शनिवारी हात गेला. कारखान्यातल्या फिटरनं त्याला तिथल्याच भंगारातून हात करून दिला. दुसऱ्या शनिवारी पाय. मग पोरंच ठरवायला लागली, सर आता डोळा, सर आता पाठीचा मणका. गळ्याच्या जागी सरांनी कारखान्याचा भोंगा बसवला, त्यामुळं दगडूला बायकोशी हळू बोलता येईना. 'अगं, जवळ ये' म्हणाला की तीन गावं जागी व्हायची. आठवीची पोरं बाकावर लोळायची हसून. माझा तास शेजारच्या वर्गात असायचा. माझ्या कविता त्या हसण्यात वाहून जायच्या, आणि मी तणतणत भांडायला जायची ती दारातच उभी राहून ऐकत राहायची.

त्या वर्गात एक बारीकशी मुलगी होती, सहसा तोंड न उघडणारी. तिनं एक दिवस विचारलं, "सर, सगळंच बदललं, मग दगडूची बायको त्याला वळखती कशावरनं?" सर खडू हातात धरून उभेच राहिले. पुढच्या शनिवारी मात्र उत्तर घेऊन आले. "माणूस पहिला घास कशात बुडवतोय, त्यावरनं वळखू येतंय." मी स्टाफरूममध्ये विचारलं, "सर, हे कुठल्या मासिकातलं?" लाजले. म्हणाले, "मासिकातलं न्हाय. आमच्या घरातलं हाय."

घरातलं म्हणजे महानंदाक्कांचं. सरांची बायको. ठेंगणी, गोरी, अंगानं भरलेली, हातात हिरवा चुडा. मराठी बोलायची पण कानडी चालीवर. तिच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली नाही तो मुरुमला आलाच नाही, असं मी आजही म्हणते. संध्याकाळी सरांच्या ओट्यावर आम्ही चार माणसं बसायचो. सर गोष्ट लावायचे. आणि एकदा लावली की ती थांबायची नाही. गोष्ट कुठं थांबवायची ते सरांना जन्मात कळलं नाही, ते काम अक्कांचं. आत तव्यावर भाकरी फुगली की आतूनच आवाज यायचा, "साकु री!"

म्हणजे, पुरे करा आता हो. सर अर्ध्या वाक्यात थांबायचे. दगडू विहिरीच्या काठावर एक पाय उचलून उभा असला तरी तसाच राहायचा. मी तर बघितलंय, कधी कधी गोष्टच संपत आलेली असायची, सरांना पुढचं सुचत नसायचं, तेव्हा ते बोलता बोलता गप्प व्हायचे आणि मान किंचित स्वयंपाकघराकडं करायचे. वाट बघायचे. 'साकु री' आलं की सुटल्यासारखे उठायचे.

दगडूचं एकेक करत सगळं बदलून झालं. पोरं म्हणाली, "सर, आता काळीज!" सर म्हणाले, "काळीज म्हंजे लिव्हर रे गाढवा. हृदय म्हण. ते शेवटी." पोरांनी लई गळ घातली. ते शेवटी, एवढंच म्हणायचे.

मग अक्का पडल्या. बाजारात, बांगडीवाल्याच्या दुकानासमोर. दोन बांगड्या चढवून झाल्या होत्या आणि तिसरीला डोळे पांढरे केले. फुटल्या सगळ्या. आठवड्यानं परत घरात पडल्या. सोलापूरला नेलं, तिथं कळलं की हृदयाचे ठोके मधेच गळतायत, मशीन बसवावं लागेल. पेसमेकर. मुलगी शिवलीला सोलापुरातच दिलेली, तिनं धावपळ केली. सर हॉस्पिटलच्या बाकावर असे बसले होते की त्यांच्या कपाळाची विभूती घामानं वाहून नाकावर आली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. डॉक्टरनं ते मशीन बसवायच्या आधी दाखवलं, आगपेटीपेक्षा थोडं मोठं. इतर वेळी सरांनी त्याला हजार प्रश्न विचारले असते. एकच विचारला, "बॅटरी?" डॉक्टर म्हणाला, आठ-दहा वर्षं निश्चिंत राहा.

मी भेटायला गेले तर अक्का पाटावर बसून तूर निवडत होत्या. डाव्या खांद्याखाली उंचवटा आला होता. गल्लीतल्या बायका येऊन हात लावून बघून जायच्या. अक्का मला म्हणाल्या, "बघा बाई, ह्यांचा दगडू हिंडून हिंडून शेवटाला माझ्यात येऊन बसला." मीही चेष्टेत विचारलं, "मग सर, अक्का आता किती आणे?" आणि सर माझ्यावर डाफरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "अक्का सोळा आणे! दगडू येगळा. तो वरचा."

त्या दिवसापासून त्या मशीनचं नाव दगडूच पडलं. घरात येणाऱ्यानं मोबाईल ओट्यावर ठेवलेल्या सुपात टाकूनच आत यायचं. ह्याला फार गरज नाही, हे डॉक्टरनं सांगितलेलं, पण सर ऐकतील तर ना. पिठाच्या गिरणीत अक्कांना जायला बंदी. दुपारी अक्का निवडत बसल्या की सर शेजारी बसून मनगट धरायचे, डोळे मिटून. "दगडू कामावर हाय," असं म्हणून सोडायचे. अक्का माझ्याकडं बघून म्हणायच्या, "हात धरायला निमित्त लागतंय ह्यांना." पन्नाशी उलटलेली बाई, पण गालावर लाली यायची.

शाळेतली गोष्ट मात्र बंद पडली. पोरं विचारायची, "सर, दगडूचं पुढं?" सर म्हणायचे, "त्याला खरं काम लागलंय. आता त्याच्यावर गोष्टी सांगायच्या न्हाईत." नंतर ते रिटायर झाले, पाठोपाठ मी. दोन वर्षं बरी गेली.

आणि एका सकाळी भाकरी थापता थापता अक्कांच्या डोक्यातली शीर फुटली. म्हणजे बघा. सगळा पहारा छातीवर, आणि चोर वरच्या मजल्यावर. सोलापूरला नेईपर्यंत शुद्ध गेली होती. मी बरोबर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी गेल्या.

त्या वेळचं एक सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पलंगाच्या डोक्याशी तो पडदा असतो ना, ठोक्यांची रेघ दाखवणारा. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, घड्याळ बघितलं, मान हलवली. शिवलीलानं टाहो फोडला. आणि सर पडद्याकडं बोट करून म्हणाले, "अहो, पण हे काय?" रेघ सपाट झाली होती, पण तिच्यावर बारीक बारीक उभ्या काड्या येतच होत्या. एक, मग दुसरी, नियमानं. डॉक्टर शांतपणे म्हणाला, "सर, ह्या त्यांच्या नाहीत. ह्या मशीनच्या." त्यानं पडद्याचं बटण बंद केलं. मग विचारलं, "तुमच्यात दहन की दफन? दहन असेल तर ते काढावं लागेल, जाळात फुटतं." सरांचे थोरले भाऊ शरणप्पा म्हणाले, "आमच्यात समाधी देत्यात." डॉक्टर म्हणाला, मग राहू द्या. झालं. एवढ्यावर मिटलं.

लिंगायतांच्यात माणसाला बसवून पुरतात. अक्कांना रुद्रभूमीत बसवलं, मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून, अंगभर विभूती आणि बेलाची पानं. आत्ता उठून भाकरी टाकायला जातील अशा दिसत होत्या. जंगम स्वामींचे मंत्र झाले. माती लोटायला माणसं पुढं झाली, तसे सर खड्ड्यात वाकले आणि अक्कांच्या डाव्या खांद्याखाली हात ठेवून राहिले. "थांबा," म्हणाले. "आजून चालू हाय." सगळे चपापले. शरणप्पा म्हणाले, "काशी, उठ." सर उठले. अंगावरची माती झटकली आणि बाजूला होऊन उभे राहिले. मला वाटलं, चला, निभावलं.

कुठलं निभावतंय. त्यांच्यात माणूस गेल्यावर शिवगणाराधना करतात. जंगमांना, भाऊबंदांना बोलावून जेवण. त्यावर दुःखाची गाठ सुटते. शरणप्पा दिवस विचारायला आले तर सर म्हणाले, "आत्ता न्हाय. संपल्यावर." काय संपल्यावर? "बॅटरी."

गावात आधी लोक म्हणाले, मास्तर चिक्कू. मग म्हणाले, मास्तर फिरला. शिवलीला रडून रडून परत गेली. सर रोज दुपारी रुद्रभूमीत जाऊन बसायला लागले. शेवटी माझ्यानं राहवेना. गेले आणि ओट्यावर उभ्या उभ्या तोंड सोडलं. "सर, जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलंत! मेलेल्या स्नायूला करंट दिला म्हणून माणूस जिवंत असतो का? अक्का गेल्या. गेल्या!"

सरांनी मला बसायला पोतं टाकलं. चहा केला, त्यात साखर नव्हती. मग म्हणाले, "अक्का गेली, बाई. मला ठाव हाय. तिची इकडची काडीबी तिकडं हलत न्हाय. मी तिच्यासाठी जात न्हाय तिथं."

"मग कुणासाठी जाता?"

"दगडूसाठी. ती गेली हे त्याला कुणी सांगितलं न्हाय."

मी कप खाली ठेवला. सर पुढं बोलत राहिले, शांतपणे, वर्गात बोलायचे तसे. "तो ठोका देतोय. म्हंजे हाक मारतोय, बघा. ऊठ म्हणतोय. ती उठत न्हाय. मग परत हाक मारतोय. त्याचं कामच ते. अंधारात, मातीत, रात्रंदिवस. त्याला वाटत असंल आपलंच कायतरी चुकतंय. त्या ट्रंकेतल्या सगळ्या गोष्टी वाचल्या मी. सगळ्या लेखकांना एकच भ्या, की माणूस मरंल आन यंत्र मागं राहील, मग ते माजंल. एकट्यालाबी सुचलं न्हाय की ते एकटं पडंल."

वेडा माणूस असता तर मी समजूत घातली असती. पण ह्यात वेड कुठं होतं ते मला सापडेना. अक्का गेल्यावर मी रडले त्यापेक्षा जास्त त्या दिवशी घरी येऊन रडले. कुणासाठी, तर एका आगपेटीएवढ्या डबड्यासाठी. काय म्हणावं ह्याला!

तीन वर्षं असंच चाललं. मग सर स्वतःच पडले, एस.टी. स्टँडवर, उमरग्याची गाडी लागली असताना. शिवलीलानं सोलापूरला नेऊन तपासण्या केल्या. तोच आजार. ठोके गळतायत. तोच डॉक्टर, तेच मशीन. आणि सर म्हणाले, नको.

शिवलीलाचा मला फोन आला. "बाई, मशीन न्हाय बसवलं तर कवाबी जाऊ शकतात म्हणालेत. आईचं न्हाय वाचवता आलं, ह्यांचं वाचतंय तर हे नको म्हणतात. माझं ऐकत न्हाईत, काकांचं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील. तुमी त्यांना वरडा." लेकराचा आवाज असा फाटला होता की मी तशीच चप्पल घालून निघाले. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते.

सर ओट्यावर बसले होते. चेहरा चुन्यासारखा. मी म्हटलं, "सर, गोडीगुलाबी नाही. सरळ विचारते. का नको?"

"माझ्यामागं त्याला कोण सांगणार, बाई?"

"आम्ही काढून घेऊ ना! मी स्वतः उभी राहून काढून घेईन. डॉक्टरला आधीच सांगून ठेवू."

सर हसले. "तुमी माझ्यामागं राहताय कशावरनं? तुमचे गुडघे बघा." मग म्हणाले, "आन काढलं तरी ते बंद व्हत न्हाय. ट्रेमध्ये ठेवलं तर ट्रेला हाका मारील."

"मारू दे! त्याला जीव आहे का? लेकीला जीव आहे, सर. तिला आई नाही राहिली, आता बापही नको का? एका निर्जीव डब्याच्या दयेपायी तुम्ही लेकीला पोरकं करताय, हे तुम्हाला शोभतं का?"

हे लागलं. लागलेलं मला दिसलं. सरांनी मान खाली घातली, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. मला वाटलं, आता हो म्हणतील. देवाशप्पथ वाटलं. मग त्यांनी वर बघितलं. डोळे भरलेले. "सगळं कळतंय, बाई. शिवलीलाचं कळतंय. तुमचं बरोबर हाय, माझं चूक हाय, असं लिहून देतो पायजे तर. पण डोळे मिटले की त्या काड्या दिसतात मला. सपाट रेघेवर. माझ्या छातीत तसलं ठेवून मला झोप लागंल का?"

आणि मग ते बोलतच राहिले. मासिकांबद्दल, डॉक्टरबद्दल, अक्कांच्या फुटलेल्या बांगड्यांबद्दल. थांबेचनात. मला ते ऐकवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "साकु री!"

सर गप्प झाले. मान पटकन स्वयंपाकघराकडं वळली. तिथं चूल नव्हती, तवा नव्हता, कोनाड्यात शेगडीवर उलटं भांडं होतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "न्हाय बाई. तुमच्या तोंडी न्हाय लागू होत ते."

मी उठून आले. लिंगायतांच्या घरात मराठ्याच्या बाईनं देवाधर्माचं बोलू नये म्हणून नव्हे. माझ्यापाशी काही उरलंच नव्हतं. शिवलीलाला फोन करून सांगितलं, "पोरी, हरले मी."

दोन महिन्यांनी सर गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, चहाचा कप हातात. त्यांना अक्कांच्या शेजारीच बसवलं. छातीत काही नाही, तोंडात कवळी नाही. चष्मा शिवलीलानं काढून घेतला. पुरते सोळा आणे. शिवगणाराधना तिनं दोघांची एकदमच केली. मी जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. डॉक्टरच्या हिशेबानं अक्कांच्या छातीतलं आजही चालू असेल. परवा तो गुडघा हातात धरला तेव्हा हेच मनात आलं, की बरं आहे बाबा, तुला बॅटरी नाही.

सरांना मी शेवटचं चालतं-बोलतं बघितलं ते त्यांच्या जाण्याच्या आठवडाभर आधी. माझा रस्ता रुद्रभूमीवरून जातो. दुपार होती, ऊन रणरणत होतं. सर डोक्यावर टॉवेल टाकून अक्कांच्या समाधीशी बसले होते आणि मोठ्यानं बोलत होते. मी लिंबाखाली थांबले. हाक मारणार होते, पण कानावर आलं ते 'दगडू' असं, म्हणून थांबले. इतक्या वर्षांनी गोष्ट परत सुरू झाली होती.

"मग काय झालं," सर मातीला सांगत होते, "दगडू सुट्टीवरनं परत आला. बघतो तर कारखाना बंद. चरक थांबलेला, माणसं कवाच गेलेली. पण दगडूला कुणी सांगितलं न्हाय. तो आपला तेलाचं डबडं घेऊन हिंडतोय. ह्या दात्याला थेंब, त्या दात्याला थेंब. दाता हलत न्हाय. दगडू म्हणतोय, तेल कमी पडलं वाटतं. आन परत पहिल्यापासनं..."

बोलता बोलता सर अडखळले. पुढचं सुचत नव्हतं. ते गप्प झाले आणि त्यांनी मान किंचित वळवली, कान मातीकडं. लिंबाचं पान हलत नव्हतं. सर वाट बघत राहिले.

मग "बरं," म्हणाले, टॉवेलानं तोंड पुसलं, आणि गोष्ट पुढं सांगायला लागले.